पाठमोरी शिकवणी

माझी पुढची खोली आजवर कितीतरी भाडेकऱ्यांनी माझ्या तोंडापायी सोडली. मी ते लपवत नाही. मला बोलायला लागतं. भाजी निवडताना बोलते, कपडे वाळत घालताना बोलते, समोर माणूस नसलं तर मांजरीला पकडून बोलते. बँकेत नोकरीला असलेला एक मुलगा राहायचा, तो एकदा हात जोडून म्हणाला, "आजी, तुमचा रेडिओ बंद कुठून होते, तेवढं सांगा." गेला बिचारा लवकरच. पण हे इंग्रजीचे सर एकटेच असे, जे माझी बडबड ऐकून राहायला आले.

खोली पाहायला आले ते मला अजून दिसतं. पांढरा शर्ट, पायात झिजलेल्या चपला, हातात छत्री. मी दारात उभी राहून सांगत होते की नळ सकाळीच येतो, शेजारच्यांची बकरी आत शिरते, कौलाची एक जागा गळते, पण तिथं मी घमेलं ठेवते. तर हा माणूस माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे पाहत उभा. मला राग आला. पाहुणा असो की भाडेकरू, तोंडाकडे पाहून बोलावं माणसानं. मी गप्प झाले. तसे ते झटकन वळले.

"थांबल्या काहून ताई?"

"संपलं माह्यं सांगणं."

"सांगणं संपत नसते. बोला. मी खोली घेतली."

मी मनात म्हटलं, हा डोक्यानं गेलेला दिसतो. त्याच संध्याकाळी ते खाट अन् एक स्टूल घेऊन आले.

पवनीकडच्या एका गावातल्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर साकोलीला आले अन् माझ्या पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायची शिकवणी सुरू केली. नर्सिंग झालेल्या पोरी यायच्या, कोणी हॉटेलचं शिकलेला पोरगा यायचा. परदेशी जायचं तर इंग्रजी बोलायची एक परीक्षा असते म्हणे. परीक्षक समोर बसतो, एक कार्ड देतो, कार्डावर विषय असतो. थोडा वेळ विचार करायचा अन् मग एकट्यानं दोन मिनिटं बोलायचं, न थांबता. मला हे ऐकून हसूच आलं होतं. दोन मिनिटं बोलायची परीक्षा? मला कोणी घेऊन गेलं असतं तर परीक्षकच उठून पळाला असता.

सरांच्या शिकवणीत कार्ड एकच. सायकल. तुमच्या सायकलीबद्दल सांगा. सणावर बोलायचं असो की आवडत्या जागेवर, सर फिरवून फिरवून माणसाला सायकलीवर आणून बसवायचे. म्हणायचे, "सायकलीवर बोलता आलं, त्याले जगातल्या कशावरही बोलता येते." गावात सगळे त्यांना सायकल सरच म्हणत. खरं नाव मलाही लिहावंसं वाटत नाही, त्यांना आवडलं नसतं. गंमत म्हणजे सायकल त्यांच्याकडे नव्हतीच. बाजारात पायी, बँकेत पायी, भर उन्हात तहसील ऑफिसला पायी. माझ्या नातीनं, पिंकीनं, किती वेळा स्कूटी थांबवली. "सर, बसा न मांगं." ते छत्री हलवून पुढं चालू लागायचे.

शिकवायची तऱ्हा तर काय सांगू. स्टूल भिंतीला लावलेलं. त्यावर सर भिंतीकडे तोंड करून बसणार, भिंतीत काय दिसायचं कोणास ठाऊक, अन् शिकणारं मूल त्यांच्या पाठीमागं, खुर्चीवर. मुलानं बोलायचं ते सरांच्या पाठीशी. सर अधूनमधून "हं" म्हणायचे. चूक झाली की बोलणं तोडायचे नाहीत, नुसतं उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. बोट वर गेलं की पोरानं आपलं आपण दुरुस्त करून पुढं जायचं. अन् कोणी तोंडातल्या तोंडात बोललं की ओरडायचे, "जीभ उचल! मले मांगून समजलं पाहिजे."

पोरांनी पाठ करून आणलेली उत्तरं त्यांना विषासारखी वाटत. एका पोरानं सुरुवात केली, की माझी सायकल पर्यावरणासाठी फार चांगली आहे. सरांचं बोट वर गेलं.

"ग्रामर बरोबर हाये, सर," पोरगा म्हणाला.

"ग्रामर बरोबर हाये, पण तू लबाड हायेस. तुह्या सानगडीत पर्यावरणासाठी कोणी सायकल चालवते का गा? काहून चालवे तू?"

"बस येत नव्हती सर."

"मंग तेच सांग. बसची वाट पाहत कुठी उभा राहे, चेन कुठी उतरे, हात काळे घेऊन शाळेत गेला तं मास्तर काय म्हणे. पर्यावरण त्या परीक्षकायले राहू दे."

एक पोरगी म्हणाली होती, "आय रोड सीझर." पोरं हसून लोळली. तिला सांगायचं होतं की ती कैंची सायकल चालवायची. बापाची मोठी सायकल, सीटवर पाय पुरत नाहीत, म्हणून दांड्याच्या खालून पाय घालून, वाकडंतिकडं होऊन चालवायची. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडून त्या एका शब्दाची पाच-सहा वाक्यं करून घेतली. पाय कसा घालायची, कंबर कशी दुखायची, समोरून बैल आला तर काय करायची. पोरगी बोलत सुटली. मी चहा घेऊन दारात उभी होते. मला शब्द कळत नव्हते, पण तिची सायकल मला दिसत होती. असं शिकवायचे.

अन् सगळ्यात मोठं भांडण काळाचं. आमच्याकडं बोलण्यात 'जाते आहे'ला 'जाऊन राहिली', 'करते आहे'ला 'करून राहिली' असं येतं. पोरं ते तसंच इंग्रजीत न्यायची. लहानपणची गोष्ट सांगताना म्हणायची, माझा बाप मला सायकल शिकवून राहिला आहे. की बोट वर! "शिकवून राहिला नाई. शिकवली. झालं ते झालं, त्याले मांगचा काळ लाव. माणूस मेला, सायकल भंगारात गेली, अन् तू अजून राहिला, राहिला करून राहिली."

आता ती शोकसभेची गोष्ट सांगते, तिच्यामुळं गल्लीत अर्धे लोक त्यांच्याशी बोलेनासे झाले. आमच्या गल्लीतले कंपाउंडर वारले. विहारात सभा होती. भला माणूस होता, गर्दी बरीच. भाषणं झाली अन् कोणीतरी सांगितलं, आता सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळावं. सगळे उभे राहिले, माना खाली. एवढ्या माणसांमध्ये पंख्याचा तेवढा आवाज. मी पाहिलं, सरांचे खांदे वर चढत होते. कपाळावर घाम. हात नुसते मुठी वळत होते अन् सोडत होते. अन् एकदम ते ओरडले, "बोला न बाप्पा कोणी! बोला काही तरी!"

कंपाउंडरांचा मोठा मुलगा धावूनच आला. "मास्तर, दारू पिऊन आले का?" लोकांनी धरलं म्हणून बरं. मी सरांना हाताला धरून बाहेर आणलं. रस्त्यानं मी तोंड सोडलं होतं, इतकं काही बोलले की विचारू नका. इज्जत काढली, वयाची लाज काढली. सर माझ्यापुढं चालत होते अन् मान हलवत होते, जसं काही मी भजन म्हणत आहे. घराशी आल्यावर म्हणाले, "बरं वाटलं ताई."

मला तेव्हा ते काहीच कळलं नव्हतं.

पिंकीचं सांगते. माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. आई लहानपणीच गेली, माझ्याच हाताखाली वाढली. नर्सिंग करून भंडाऱ्याला एका दवाखान्यात लागली. बाहेरदेशी तिची नोकरी जवळजवळ ठरली होती, सगळे कागद झाले होते, अडकलं होतं ते या बोलायच्या परीक्षेत. पहिल्या खेपेला ती मध्येच थांबली. विषय आला होता शेजाऱ्यांवर, चार वाक्यं बोलली अन् शब्द सापडेना. परीक्षक वाट पाहत राहिला, ही टेबलाकडे पाहत राहिली. नापास. दुसरी खेप मिळत होती, तीही हुकली तर जागा दुसरीला जाणार होती. पोरगी जेवेना.

सर म्हणाले, "माह्यावर सोडा." पण पिंकीचं थांबणं काही जाईना. ती माझ्यासारखी नाही, आईवर गेली, मुकी. सायकलीचं चांगलं सुरू करायची. मी तिला शाळेत सोडायला डबल सीट न्यायची, ते सांगायची. डबल सीट परदेशात कोणाला कळत नाही, म्हणून सरांनी तेही सोडवून सांगायला शिकवलं होतं. अन् मध्येच एखादा शब्द हरवायचा अन् ती गप्प. ती गप्प झाली की सरांकडं पाहवत नसे. हे शोकसभेतलंच रूप. खांदे वर, मुठी घट्ट. "बोल पिंके. काहीही बोल. चुकीचं बोल. थांबजो नोको."

एक दिवस ती चिडली. "सर, तुमी माह्याकडे तोंड करून काहून बसत नाई? भिंतीशी बोलल्यासारखं वाटते मले."

"तोंड पाहून कोणालेही समजते."

"मंग तुमीच सांगा तुमची सायकल! रोज आमची ऐकता. मी बसते भिंतीकडे."

मी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसले होते. मला वाटलं, आता हिला फटका बसतो. पण सर उठले. स्टूल तिला दिलं, स्वतः मागच्या खुर्चीवर बसले. मग इंग्रजीत सुरू झाले. संथ, एका सुरात. मला त्यातलं 'पवनी' समजलं, 'डबल सीट' समजलं, अन् 'टॉकिंग', 'टॉकिंग' असं पुन्हा पुन्हा येत होतं. पिंकीची पाठ मला दिसत होती. ती आधी ताठ होती, मग हळूहळू वाकत गेली. बोट तिनं एकदाही वर केलं नाही.

सर थांबले. म्हणाले, "चुका किती झाल्या?"

"एकही नाई सर."

"खोटं. दोन हायेत." अन् छत्री घेऊन बाहेर निघून गेले.

पिंकी स्वयंपाकघरात आली अन् ओट्याशी उभी राहिली. मी विचारलं, काय म्हणत होते?

"आजी, सरांची बायको. धान कापणी झाली होती. सकाळी ती शेतात भारा उचलाले गेली, अन् सर म्हणतात, तिले लीफ लागलं."

"म्हणजे?"

"लीफ म्हणजे पान. पान लागलं म्हणे हाताले. अन् मंग तिले दवाखान्यात न्या लागलं. मले समजलंच नाई आजी. पानानं काय होते माणसाले?"

मी हातातलं सूप खाली ठेवलं. पिंकी बाजारगावात वाढलेली, शहराच्या दवाखान्यात शिकलेली, तिला कसं कळावं. आमच्याकडं खेड्यात जुनी माणसं सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात.

"साप होता तो, माय," मी म्हटलं. "भाऱ्याखाली बसला असन. मण्यार असन."

आता पिंकीला बाकीचं जुळलं. मण्यारीचं ती शिकली होती, की दुखत नाही फारसं, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, मग श्वास. तिनं मला सगळं सांगितलं. गावात गाडी नव्हती. सरांनी बायकोला सायकलीवर मागं बसवलं, तिच्या लुगड्याच्या पदरानं स्वतःच्या कमरेला बांधलं, अन् पवनीच्या रस्त्याला लागले. तिला म्हणाले, झोपू नकोस, बोलत राहा. ती बोलत राहिली. दूध झाकलं नाही म्हणाली. कोंबड्या सोडल्या नाहीत म्हणाली. बहिणीच्या लग्नाला हिरवं लुगडं नको म्हणाली. सर पुढून "हं" म्हणत होते अन् पायडल मारत होते. मागं वळून पाहिलं तर तोल जाईल, थांबलं तर वेळ जाईल. मग तिचं बोलणं जड झालं. एक वाक्य ती बोलली, ते त्यांना समजलं नाही. त्यांनी विचारलं, काय म्हणतेस? ती पुन्हा बोलली. तरी समजलं नाही. जीभ उचल, असं ते ओरडले तिच्यावर. त्यांनी पुन्हा विचारलं. मग मागून काही आलं नाही. डोकं त्यांच्या पाठीला टेकलेलं होतं. दवाखाना येईपर्यंत ते एकटेच बोलत गेले.

"एक तं ते पान. दुसरी चूक कोणती?" मी विचारलं. ते बोलले होते ना, दोन आहेत म्हणून.

पिंकी ओढणीनं नाक पुसत म्हणाली, "सारं मांगच्या काळात सांगितलं आजी. पण तिचं बोलणं आलं का, 'शी इज टॉकिंग' म्हणे. बोलून राहिली म्हणे. दर वेळी."

मग दोन दिवस मी घरात जपून बोलू लागले. तिसऱ्या दिवशी सर मागच्या दाराशी आले. "ताई, तब्येत बरी नाई का?"

"बरी हाये."

"मंग आवाज काहून नाई येऊन राहिला?"

मी मांजरीला शिव्या द्यायला सुरुवात केली. ते समाधानानं खोलीत गेले.

त्या दिवसानंतर पिंकी सरांच्या पाठीमागं बसून कधी थांबली नाही. शब्द हरवला तर आजूबाजूचं काहीही सांगायची, चुकायची, पण थांबायची नाही. नागपूरला परीक्षा झाली. बाहेर येऊन तिनं फोन केला, "आजी, सायकल नाई आली. आवडीचा खाऊ आला." मी म्हटलं, मेलो आपण! तर म्हणाली, "दोन वाक्यांत मी खाऊ आणाले सायकलीवर निघाली." पास झाली. सरांना सांगितलं तेव्हा मार्क विचारले नाहीत त्यांनी. एवढंच विचारलं, "थांबली होतीस का कुठी?"

"नाई सर."

"बस."

ती निघाली त्या दिवशी आम्ही बसस्टँडवर गेलो. ती खिडकीत. सर खिडकीखाली उभे, बसकडे पाठ करून, उसाच्या रसाच्या गाड्याकडे तोंड. रसवाला त्यांच्याकडे पाहत होता, यांना रस पाहिजे की काय म्हणून. पिंकी खिडकीतून त्यांच्या पाठीशी इंग्रजीत बोलत होती, सर "हं, हं" करत होते. ती रडत होती, पण आवाज स्पष्ट होता. बस हलली तरी बोलत होती. पार वळण येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.

पुढं थोड्याच काळात सरांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली अन् वाचा गेली. ज्यानं सगळ्यांच्या जिभा उचलल्या, त्याचीच जीभ तोंडात पडून राहिली. बोलू पाहायचे अन् नुसता घोगरा आवाज निघायचा. मला समजायचं नाही, मी विचारायची, काय म्हणता? अन् लगेच माझी मला जीभ चावावीशी वाटायची. पुढं मी विचारणंच सोडलं. उरलं काय, तर 'हं' अन् उजव्या हाताचं एक बोट.

पवनीकडून पुतण्या न्यायला आला. सरांनी चांगल्या हातानं खाटेचा दांडा धरला तो सोडेनात. पुतण्या समजुतीचा होता, महिन्याचं औषध ठेवून गेला. पण जाताना मला म्हणाला, "आजी, काकाचं तोंड भिंतीकडे काहून करून ठेवलं? दाराकडे करा न, माणसं दिसतील." मी म्हटलं, त्यांना भिंतच बरी वाटते. त्याला वाटलं असेल, म्हातारीला घाण वाटते. वाटो.

दुपारी माझं आवरलं की मी खाटेच्या मागं बसायची अन् बोलायची. नळ, बकरी, कोणाची सून कुठं गेली, काय वाटेल ते. ते "हं" म्हणायचे.

एका दुपारी पिंकीचा फोन आला. मी फोन त्यांच्या उशाशी ठेवला, आवाज मोठा केला. पिंकीनं सायकलीचं सांगायला घेतलं, सगळं पहिल्यापासून. पोरगी आता त्या देशात रोज इंग्रजीच बोलते, पण त्या दिवशी मुद्दाम चुकत होती, हे मला सरांच्या बोटावरून कळलं. बोट वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं. किती दिवसांनी त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. बोट उठलं की मी फोनवर ओरडायची, "पिंके, चूक!" अन् ती तिकडून दुरुस्त करायची. शेवटी ती म्हणाली, माझी आजी मला डबल सीट शाळेत नेत होती अन् सारा रस्ताभर शी इज टॉकिंग. शी इज टॉकिंग. एवढं मलाही समजलं. मी बोटाकडे पाहत राहिले. बोट उठलं नाही. हात चादरीवर पसरला अन् तसाच राहिला.

"आजी, सरांनी बोट केलं का?"

"नाई," मी म्हटलं.

तिकडून ती बराच वेळ बोलली नाही. मग सरांचा चांगला खांदा वर चढायला लागलेला पाहून मी ओरडले, "बोल माय, बोल!" अन् ती पुन्हा बोलू लागली.

त्यानंतर थोडेच दिवस गेले. दुपारची वेळ. मी मागं बसून वांग्याचं सांगत होते. बाजारातून आणलेली वांगी वरून कशी चकचकीत, अन् चिरली तर प्रत्येकात अळी, अन् भाजीवाली वर मलाच म्हणते की औषध मारलं नाही म्हणून अळी आहे आजी, खा खुशाल. सरांचं "हं" आलं. मी पुढं सांगत गेले. मग "हं" आलं नाही. त्यांच्या पाठीकडं मी पाहिलं. शर्ट हलत नव्हता.

मी थांबले नाही. तुम्ही म्हणाल, काय बाई आहे ही. पण मागं बसलेल्या बाईनं बोलणं सोडलं तर त्या माणसाचं काय होत असे, ते मी पाहिलेलं होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला अन् वांग्याचं सगळं सांगितलं. भाजीवालीला मी काय उत्तर दिलं ते सांगितलं, तिनं कशी दोन वांगी बदलून दिली ते सांगितलं, अन् ती दोन्ही कशी किडकी निघाली तेही सांगितलं. पूर्ण झाल्यावरच मी उठले, अन् शेजारच्यांना हाक मारली.